सीमेवर काही घडले की गाव माजी सैनिकाला विचारते: उत्तर कसे द्यावे

सैन्यातून निवृत्त होऊन गावी आलेल्या माणसाकडे एक काम न मागता येते आणि त्याची कल्पना निवृत्तीच्या वेळी कोणी देत नाही. सीमेवर गोळीबार झाला, भरतीचे नियम बदलले किंवा वेतन आयोगाची बातमी आली, की पारावर, दूध डेअरीवर, एसटीच्या थांब्यावर लोक आपल्याला थांबवून विचारतात, "काय मेजर, आता काय होणार?" आपला हुद्दा काहीही असो, गावात आपण मेजरच असतो. विचारणाऱ्याचा विश्वास खरा असतो आणि म्हणूनच आपल्या तोंडून गेलेला शब्द संध्याकाळपर्यंत "मेजर स्वतः म्हणाले" या शिक्क्यासह गावभर फिरतो. मी सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या दळणवळण विभागात, 24 वर्षे नोकरी करून सातारा जिल्ह्यातल्या माझ्या गावी परतलो. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखे गाव आहे, जिथले 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, तिथे आजही वाडीवस्तीवर कोणाचा ना कोणाचा मुलगा नोकरीवर असतो, त्यामुळे चुकीच्या शब्दाची झळ कोणत्या तरी घरात नक्की पोहोचते. नुकत्याच निवृत्त झालेल्या बांधवांसाठी, हे काम कसे करावे ते अनुभवातून लिहीत आहे.

खबर टिपून घेण्याची सवय

ही सवय मला चुकीतून लागली. 26 फेब्रुवारी 2019 रोजी हवाई दलाने बालाकोट येथे कारवाई केली आणि त्यानंतर लवकरच माझ्या फोनवर एक चित्रफीत आली. करड्या पडद्यावर लक्ष्याची चौकट, पळणाऱ्या पांढऱ्या आकृत्या आणि पाठोपाठ स्फोट असे तिचे स्वरूप होते. मी ती पाच जणांना पाठवली, शिवाय पारावर बसून तिचा अर्थही समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी बारावीत शिकणारा शेजारचा मुलगा घरी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, हा गेम आहे. माझ्या मित्राच्या कॉम्प्युटरवर आहे." मी पाठवलेल्या पाचही जणांच्या घरी जाऊन चूक सांगितली, परंतु तोपर्यंत ती चित्रफीत आणखी किती फोनवर गेली असेल, ते मोजण्याची सोय नव्हती.

सिग्नलच्या माणसाकडून हे व्हावे, याचे मला फार वाईट वाटले. आमच्या कोअरचे ब्रीदवाक्य 'तीव्र चौकस' असे आहे. मी त्यातला पहिलाच शब्द पाळला होता. सेटवर बसणाऱ्या ऑपरेटरला पहिल्या महिन्यापासून शिकवले जाते की, प्रत्येक संदेशावर पाठवणारा कोण आणि संदेशाची तारीख-वेळ कोणती, हे असलेच पाहिजे. आकडा स्पष्ट ऐकू आला नाही तर अंदाजाने भरायचा नाही, पुन्हा विचारायचा. आणि महत्त्वाचा संदेश घेतल्यावर तो शब्दशः परत म्हणून दाखवायचा. हीच शिस्त घरच्या बातम्यांना लावता येते. त्यासाठी दोनशे पानी वही आणि पेन एवढेच लागते. घटना कधीची, कुठली, सांगणारा कोण आणि मला किती वाजता कळली, या चार गोष्टी मी लिहितो. यातली एक जरी रकान्यात भरता आली नाही, तर ती खबर त्या दिवशी कोणाला सांगायची नाही, असा माझा नियम आहे. आलेले बरेचसे फॉरवर्ड पहिल्याच रकान्यात अडकतात, कारण त्यांत 'आताच', 'थोड्या वेळापूर्वी' असे लिहिलेले असते आणि ते 'आताच' नेमके कोणत्या दिवसाचे, याचा पत्ता नसतो.

मे 2025 मधल्या दिवसांत या वहीचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला. पहलगाम येथे 22 एप्रिलला 26 जणांची हत्या झाली आणि त्यानंतर 7 मे रोजी सेनादलांनी 'ऑपरेशन सिंदूर' केले. त्या सकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, विंग कमांडर व्योमिका सिंग आणि आमच्याच कोअरच्या कर्नल सोफिया कुरेशी यांनी पत्रकारांना माहिती दिली, त्यात कारवाई रात्री 1.05 ते 1.30 या वेळेत झाली आणि नऊ ठिकाणे लक्ष्य होती, असे सांगण्यात आले. वेळ, संख्या आणि सांगणारी व्यक्ती हे तिन्ही त्यात होते, म्हणून तेवढेच वहीत गेले आणि पारावर मी तेवढेच बोललो. "एवढंच?" असे एकाने नाराजीने विचारले. होय, एवढेच; त्या वेळी खात्रीने सांगण्यासारखे माझ्याकडे तेवढेच होते.

पुढच्या दोन दिवसांत मजकुरांचा पूर आला. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, असा मजकूर फिरल्यावर आमच्या गावातून लोक मोटारसायकली काढून तालुक्याला पैसे काढायला निघाले, काही जण पेट्रोलसाठी कॅन घेऊन गेले, आणि किराणा दुकानात एका बाईने साखरेचे अख्खे पोते मागितले. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-तपासणी विभागाने एटीएमचा तो मजकूर खोटा असल्याचे जाहीर केले होते आणि इंडियन ऑइलनेही इंधनाचा साठा पुरेसा असल्याचे कळवले होते. ही दोन्ही निवेदने मी दुकानदाराच्या फोनवर उघडून मोठ्याने वाचून दाखवली. यातून शिकण्यासारखे असे की, माणसे घाबरलेली असताना "अफवा आहे, विश्वास ठेवू नका" असे नुसते म्हणून भागत नाही; त्यांना मूळ निवेदन, त्यावरची तारीख आणि ते देणाऱ्याचे नाव डोळ्यांनी पाहू द्यावे लागते. त्यानंतर ती बाई पाच किलो साखर घेऊन घरी गेली.

खबर त्या वेळेपुरती खरी असते, हेही लोकांना सांगत राहावे. 10 मे रोजी पाकिस्तानच्या सैन्य मोहीम महासंचालकांनी दुपारी 3.35 वाजता भारताच्या महासंचालकांना फोन केला आणि सायंकाळी 5 वाजल्यापासून कारवाया थांबवण्याचे ठरले, असे परराष्ट्र सचिवांनी जाहीर केले, आणि त्याच रात्री या समझोत्याचे उल्लंघन झाल्याचेही त्यांनाच सांगावे लागले. संध्याकाळी ऐकलेले रात्री सांगताना "सहा वाजेपर्यंतची माहिती अशी आहे" असे म्हटले, तर आपण खोटे ठरत नाही आणि ऐकणाऱ्याचाही गोंधळ होत नाही.

आपला ट्रेड ओळखावा

लोक आपल्याला सगळेच विचारतात: विमान कसे पाडतात, क्षेपणास्त्र किती लांब जाते, पाणबुडी कुठे असेल. मी जमिनीवर केबल अंथरली, सेट चालवले, एक्स्चेंज सांभाळले. हवाई दलाच्या वैमानिकाचे काम मला टीव्हीवरच्या निवेदकाइतकेच माहीत आहे. "हे माझ्या ट्रेडचे नाही" असे उत्तर द्यायला कमीपणा वाटू देऊ नये. पलटणीत आपण गाडीचा बिघाड ड्रायव्हरला आणि जखम नर्सिंग असिस्टंटला विचारत होतो. आपल्या ट्रेडमधले मात्र मनापासून समजावून सांगावे. दळणवळण तुटले तर तुकडीचे काय होते, बर्फात बॅटरी लवकर का उतरते, रात्रभर जागून लाइन का तपासावी लागते, हे सांगितले तर मुलांना सैन्याचे खरे काम कळते आणि टीव्हीवरच्या आरडाओरड्यापेक्षा ते त्यांच्या जास्त लक्षात राहते.

भरतीबद्दल विचारायला येणाऱ्या मुलांशी बोलताना माहिती आणि मत यांत अंतर ठेवावे. अग्निपथ योजना जून 2022 मध्ये आली, सेवा चार वर्षांची आहे, त्यानंतर 25 टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम सेवेत घेतले जातात आणि चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला सेवानिधी ही एकरकमी रक्कम मिळते, पेन्शन मिळत नाही. ही झाली माहिती. जवानाला पलटणीत मुरायला चार वर्षे कमी पडतात, हे माझे मत आहे, आणि मी ते "माझे मत" असे म्हणूनच सांगतो, कारण समोरच्या मुलाच्या घरची परिस्थिती माझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असते.

पेन्शनच्या मजकुरांचेही तसेच आहे. समान पद, समान पेन्शन योजनेत दर पाच वर्षांनी पुनर्निश्चिती होते. 1 जुलै 2014, 1 जुलै 2019 आणि 1 जुलै 2024 या तिच्या तारखा आहेत. यापलीकडचा कोणताही तक्ता ग्रुपवर आला, तर आधी स्वतःचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि संरक्षण पेन्शनच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतली नोंद उघडून ताडून पाहावी, आणि ती पाहण्यासाठी ओटीपी मागणाऱ्या कोणत्याही फोनला उत्तर देऊ नये.

काय बोलू नये

निवृत्ती झाली तरी शासकीय गुपिते अधिनियम, 1923 आपल्याला लागू राहतो, ही गोष्ट पारावरच्या गप्पांच्या ओघात सहज विसरली जाते. कोणती पलटण कुठे आहे, कोणत्या ठाण्यावर किती माणसे असतात, कोणत्या रस्त्याने रसद जाते, हे दहा वर्षांपूर्वीचे असले तरी बोलू नये. जुने सोबती ग्रुपवर हलवाहलवीचे फोटो टाकतात, ते पुढे पाठवू नयेत, आणि टाकणाऱ्याला खाजगीत फोन करून काढायला सांगावे. 26 एप्रिल 2025 रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना लष्करी हालचालींचे थेट प्रक्षेपण न करण्याची सूचना दिली, तेव्हा कारगिल युद्ध, मुंबईवरचा 26/11 चा हल्ला आणि कंदाहार विमान अपहरण यांच्या वेळच्या प्रक्षेपणाची आठवण करून दिली होती. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, म्हणून ती सूचना मी आपल्यालाही लागू मानतो.

ज्या घरचा मुलगा नोकरीवर आहे

हे सर्वांत नाजूक काम आहे आणि माझ्या मते माजी सैनिकाची गावाला खरी गरज इथेच लागते. मुलाचा फोन बंद लागला की आई सैरभैर होते. 1999 च्या उन्हाळ्यात, कारगिल युद्धाच्या वेळी, माझी आई रोज पोस्टमनची वाट पाहत दारात बसायची. माझ्या पत्त्यावर नंबर, नाव, युनिट आणि '56 एपीओ' हा सैन्याच्या टपाल कार्यालयाचा क्रमांक एवढेच असायचे. मुलगा डोंगरात आहे की वाळवंटात, हे त्या पत्त्यावरून तिला कळत नसे. शेजारच्या एका निवृत्त सुभेदारांनी तिला समजावले की, पत्ता मुद्दाम तसा असतो आणि पत्र उशिरा येणे हे वाईट घडल्याचे लक्षण नव्हे. ते दर दोन दिवसांनी येऊन अर्धा तास बसत. आई शेवटपर्यंत त्यांचे नाव आदराने घेत असे.

आता अंतर्देशीय पत्राची जागा मोबाइलने घेतली आहे, पण आईच्या मनाची स्थिती तीच आहे. अशा घरी गेल्यावर आधी टीव्ही बंद करायला सांगावे. हालचालीच्या काळात फोन वापरायला मनाई असते, पुढच्या ठाण्यांवर रेंज नसते, ड्यूटीवरचा माणूस दिवसेंदिवस बोलू शकत नाही, हे साध्या शब्दांत सांगावे. "काही होणार नाही" असे आश्वासन मात्र देऊ नये, कारण ते आपल्या हातात नाही. वाईट बातमी असेल तर ती युनिटकडून किंवा रेकॉर्ड ऑफिसकडून, अधिकृत मार्गाने, घरच्यांनाच आधी कळवली जाते. ही रीत त्यांना सांगून ठेवली, तर ग्रुपवर फिरणाऱ्या नावांच्या यादीने त्यांचा जीव जात नाही. अशी यादी आपल्या फोनवर आली आणि त्यात आपल्या तालुक्यातले नाव दिसले, तरी ती उघडून कोणाला दाखवू नये, पुढे पाठवू नये आणि त्या घराकडे चौकशीचा फोनही करू नये. तालुक्यातल्या ओळखीच्या माणसालाही विचारू नये, कारण विचारणे हेच गावात बातमी होते. घरात मुलाचा सैन्य क्रमांक, युनिटचे नाव आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर एका कागदावर लिहून, देवघराजवळ किंवा कपाटाच्या दारावर आतून चिकटवून द्यावा, आणि घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा सुनेला तो दाखवून ठेवावा.

मे 2025 मध्येच आमच्या आळीतल्या एका वहिनींकडे मी असा कागद लावला. चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाचा दोन मिनिटांचा फोन आला, आणि वहिनी हातातली कणीक तशीच ठेवून माझ्या अंगणात आल्या. मी त्यांना विचारले, "तो काय म्हणाला, ते शब्द तसेच सांगा." त्यांनी सांगितले, "आई, जेवलो. झोप झाली. परत करतो." मी वहीत वेळ लिहिली, सकाळी 7.20.