पर्यावरणपूरक पेंट रिमूव्हरच्या कंपनीत पैसे घालताय? या चुका टाळा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईत रबाळे-महापेला गाळा घेऊन ओळखीतला एखादा मुलगा सौम्य पेंट रिमूव्हर, म्हणजे जुना रंग सोडवणारं रसायन, बनवू लागला आणि भांडवल मागायला आला, तर त्याला उडवून लावू नका. गरज खरी आहे. जुन्या पद्धतीचं रिमूव्हर म्हणजे बहुतेक वेळा एमडीसी, अर्थात मेथिलीन क्लोराइड. ते ४० अंशांच्या आसपास उकळतं, त्याची जड वाफ बंद खोलीत खाली साचते आणि शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना असं रिमूव्हर विकायला बंदी घातली. रंगाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून चांगला पर्याय तगावा असं मनापासून वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डेमोवर भुलणं. नव्या पत्र्यावरचा एका हाताचा रंग सुटणारच. तुम्ही सोसायटीच्या जिन्यातलं जुनं ग्रिल पुढे करा: खाली रेड ऑक्साइडचा प्रायमर, वर ऑइल पेंटचे थरावर थर, सांध्यात पावसाळ्याचा गंज. सौम्य पर्यायांतली बेन्झाइल अल्कोहोलवरची रिमूव्हर काम करतात, पण सावकाश. एमडीसी काही मिनिटांत रंग फुगवतं, इथे कित्येक तास जातात, कधी रात्रभर ठेवावं लागतं. पत्री (रंग खरवडायचं पातं) लावल्यावर रंग सालीसारखा निघतो की चिकट लगदा होतो, पुन्हा किती माल लावावा लागला, हे स्वतः उभं राहून बघा. मग रंगकामाच्या ठेकेदाराशी बोला. तो डब्याच्या भावाआधी मजुरीचे दिवस मोजतो. फुकट सॅम्पलनंतर त्याने पदरचे पैसे घालून पुन्हा माल घेतला का? कंपनीकडे अशी दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरची बिलं मागा. प्रोजेक्शनच्या एक्सेल शीटपेक्षा ती मोलाची.

लेबलवरचं हिरवं पान बघून समाधान मानू नका. सेफ्टी डेटा शीटचा (रसायनाच्या सुरक्षिततेच्या माहितीपत्रकाचा) तिसरा विभाग उघडा, तिथे घटक आणि त्यांचे ओळख क्रमांक (सीएएस) असतात. ७५-०९-२ हा क्रमांक एमडीसीचा. ८७२-५०-४ म्हणजे एनएमपी, गर्भाला घातक ठरू शकणारं द्रावक. 'एमडीसी-मुक्त' डब्यातही ते असू शकतं. पर्यावरणाबद्दलच्या खोट्या दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, तेव्हा दाव्यामागचा चाचणी अहवाल मागायलाच हवा.

निघालेला रंग कुठे जातो, हे बहुतेक जण विचारतच नाहीत. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, आणि रिमूव्हर कितीही सौम्य असलं तरी तो लगदा गटारात सोडता येत नाही. ग्राहकाला कंपनी हे सांगते का, बघा. गाळ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती कुठल्या उत्पादनाला, किती क्षमतेला आहे, तेही वाचा.

पैसे रोख किंवा मालकाच्या खात्यात अजिबात देऊ नका. खासगी कंपनीच्या शेअरसाठीची रक्कम कंपनीच्या स्वतंत्र बँक खात्यात जायला हवी आणि ६० दिवसांत शेअर वाटप व्हायला हवं. नाहीतर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीवर कुठल्या बँकेचा बोजा नोंदलाय तेही दिसतं.

हे शेअर मनात आलं की बाजारात विकता येत नाहीत. तुम्हाला बाहेर पडायचं झालं तर ते कोण घेणार, भाव कसा ठरणार, हे भागधारक करारात आधीच लिहून घ्या. ओळखीत तोंडाने विचारायला अवघड वाटत असेल, तर मसुदा वकिलाकडूनच पाठवा.