शेअर, रोखे आणि सोनं यांचा पोर्टफोलिओ कसा बांधावा, आणि बांधलेला कसा राखावा

अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलाय, महागड्या व्याजाचं कर्ज फेडून झालंय आणि गुंतवायची रक्कम किमान दहा वर्षं लागणार नाही, असं धरून चालते. तसं नसेल तर आधी ते उरका.

या विषयावर सल्ला देणाऱ्यांचा सगळा जीव एकाच प्रश्नात अडकलेला असतो: शेअर किती, रोखे किती, सोनं किती. ६०-२५-१५ बरोबर की ५५-३०-१५, यावर तावातावानं वाद घालतात. एवढ्याशा फरकानं कुणाचं नशीब उजळत नाही आणि बुडतही नाही. नशीब बुडतं ते ठरवलेलं प्रमाण तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुपचूप सोडून दिल्यामुळे. म्हणून पहिल्या चार पायऱ्या मी भराभर उरकणार आहे आणि पाचवीवर बसकण मारणार आहे.

१. प्रमाण ठरवा

शेअर वाढीसाठी, रोखे (म्हणजे सरकारला किंवा कंपनीला व्याजानं दिलेलं कर्ज) स्थैर्यासाठी आणि सोनं या दोन्हींचं बिनसलं तर म्हणून. तिन्ही सहसा एका वेळी, एका कारणानं पडत नाहीत, यावर सगळी मदार आहे. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये हे गणितात मांडलं: गुंतवणुकीची जोखीम एकटीची मोजून भागत नाही, ती बाकीच्यांबरोबर कशी हलते तेही बघावं लागतं. १९९० मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

‘शंभरातून वय वजा करा, उरेल तेवढे टक्के शेअरमध्ये टाका’ हा ठोकताळा विसरा. पैसे कधी लागणार आहेत आणि घसरण किती सोसवेल, यातलं काहीही वयाला ठाऊक नसतं. त्याऐवजी शेअरचा भाग निम्मा होईल असं धरा. ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक (तिथल्या सुमारे पाचशे बड्या कंपन्यांच्या शेअरभावांचं एकत्रित माप) सुमारे ५७ टक्के घसरला होता, त्यामुळे ‘निम्मा’ म्हणजे काही अतिशयोक्ती नव्हे. शेअर ६० टक्के असतील तर एकूण पुंजीतले ३० टक्के गेले. आता हा आकडा टक्क्यांत नको, रकमेत लिहा, स्वतःच्या हातानं. टक्के वाचून कुणाचीच झोप उडत नाही; रक्कम वाचून पोटात गोळा आला तर शेअर कमी करा.

पुढची सगळी उदाहरणं ६०-२५-१५ धरून देते. हे प्रमाण पवित्र वगैरे नाही.

२. शेअर

कमी खर्चाचा, व्यापक निर्देशांकाचा फंड, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर एकत्र घेणारा फंड घ्या, आणि एकाच देशावर विसंबू नका. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ज्या उंचीवर बंद झाला, ती उंची त्यानं पुन्हा ओलांडली ती थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये. झालं, ही पायरी संपली.

३. रोखे

इथे लोक व्याजदर बघून भुलतात. जास्त व्याज देणारा रोखा जास्त व्याज देतो, कारण पैसे बुडण्याची शक्यता जास्त असते. आणि अशा कंपन्या अडचणीत येतात त्या नेमक्या शेअर कोसळतात तेव्हाच. २००८ मध्ये अमेरिकेतल्या कमी पतीच्या रोख्यांनी चौथा हिस्सा गमावला. ज्याच्या भरवशावर शेअरची घसरण सोसायची, तोच भिडू मैदानातून पळाला. तेव्हा रोखे सरकारी किंवा उत्तम पतीचेच घ्या. धाडस करायचंच असेल तर ते शेअरच्या खात्यात करा.

दुसरी गोष्ट मुदतीची, म्हणजे रोख्याची मूळ रक्कम परत मिळायला किती वर्षं आहेत याची. फंडाच्या माहितीपत्रकात ‘ड्युरेशन’ नावाचा आकडा असतो, तो शोधाच. ड्युरेशन ७ असेल तर व्याजदर एक टक्क्यानं वाढल्यावर फंडाची किंमत साधारण सात टक्के पडते. २०२२ मध्ये व्याजदर झपाट्यानं चढले तेव्हा वीस वर्षांहून जास्त मुदतीच्या अमेरिकी सरकारी रोख्यांचे फंड जवळपास ३० टक्के खाली आले, आणि त्याच वर्षी शेअरही पडले. ‘रोखे म्हणजे सुरक्षित’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांची त्या वर्षी दातखीळ बसली. रोखे बुडाले नव्हते, सरकारनं व्याज चुकवलं नव्हतं. मुदत लांब होती, एवढंच. मध्यम मुदत घ्या आणि ड्युरेशनचा आकडा तुम्हाला पैसे लागायच्या वर्षांपेक्षा कमी ठेवा.

४. सोनं

सोनं व्याज देत नाही, लाभांश देत नाही, काही पिकवत नाही. जानेवारी १९८० मध्ये ते औंसाला (सुमारे ३१ ग्रॅमला) ८५० डॉलरवर गेलं आणि तो आकडा पुन्हा दिसायला जानेवारी २००८ उजाडलं. मधली २८ वर्षं, आणि त्यात महागाई धरलेली नाही. ‘१९७१ पासून सोन्यानं काय परतावा दिलाय बघा’ असा तक्ता कुणी नाचवला तर एक ध्यानात ठेवा: ऑगस्ट १९७१ पर्यंत औंसाचा अधिकृत भाव ३५ डॉलरला बांधलेला होता. दाबून धरलेल्या भावापासून मोजलं की कुठलाही परतावा देखणा दिसतो.

तरीही १०-१५ टक्के सोनं हवंच. २०२२ मध्ये शेअर आणि रोखे दोन्ही पडले तेव्हा डॉलरमध्ये सोनं जवळपास जागच्या जागी उभं होतं. मात्र ते फंडाच्या रूपात घ्या, नाहीतर सहज विकता येईल अशा रूपात. दागिने या हिशेबात धरू नका. घडणावळ जाते ती जातेच, शिवाय विकायची वेळ आली की हात उठत नाही. आणि विकावं लागणार आहे, ते आता बघूच.

५. प्रमाण राखा

ही पायरी मलाही जड गेली, आणि अजून जाते. हिला रिबॅलन्सिंग म्हणतात. वाढलेल्यातलं थोडं विकायचं आणि पडलेल्यात घालायचं. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात मात्र हे कळतं पण वळत नाही.

आधी हिशेब बघा. समजा १०० होते: शेअर ६०, रोखे २५, सोनं १५. शेअर ४० टक्के पडले, रोखे ५ टक्के वाढले, सोनं १० टक्के वाढलं. आता शेअर ३६, रोखे २६.२५, सोनं १६.५, एकूण ७८.७५. शेअरचं प्रमाण ४६ टक्क्यांच्या खाली गेलं. ६० टक्क्यांवर आणायचं तर शेअर ४७.२५ हवेत, म्हणजे रोखे ६.५६ चे आणि सोनं ४.६९ चं विकून ११.२५ चे शेअर घ्यायचे. हे करायचं कधी? सगळीकडून ‘अजून पडणार’ असं कानीकपाळी ओरडलं जात असताना, ज्या दोन गोष्टींनी तारलं त्याच विकून, जिनं रडवलं ती घ्यायची. त्या दिवशी तुमचं मन एकाहून एक सयुक्तिक कारणं पुढे करेल. म्हणून त्या दिवशी विचार करायचाच नाही. विचार आधी करून, कागदावर लिहून ठेवायचा.

माझा नियम असा लिहिलेला आहे: ‘वर्षातून दोन ठरलेल्या तारखांना तक्ता भरायचा. शेअर ५५ ते ६५, रोखे २० ते ३०, सोनं ११ ते १९ या हद्दीत असतील तर काही करायचं नाही. एकही हद्दीबाहेर गेलं तर तिन्ही मूळ प्रमाणावर आणायचे, त्याच बैठकीत.’ तक्त्यात पाच रकाने: प्रकार, ठरलेलं प्रमाण, आजची किंमत, आजचं प्रमाण, फरक. बातम्यांसाठी रकाना नाही.

हद्द ठरवताना एक गफलत सर्रास होते. पाच टक्के आणि पाच टक्के अंक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ६० चे पाच टक्के म्हणजे ३, मग हद्द ५७ ते ६३ होते आणि तुम्ही सतत खरेदी-विक्री करत बसता. मला अभिप्रेत आहेत ते पाच अंक: ५५ ते ६५. लहान वाट्याला मात्र पाच अंक फार होतात, १५ चं सोनं १० वर येईस्तोवर त्याचा तिसरा हिस्सा गेलेला असतो. म्हणून लहान वाट्याची हद्द त्याच्या चौथ्या हिश्शाएवढी धरा. १५ ला ती पावणेचार होते, मी चार धरते.

दर महिन्याला रिबॅलन्सिंग करा म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. त्यात दलाल आणि करखातं यांचंच भलं होतं.

नवे पैसे येत असतील तर विक्रीची गरज बरीच टळते: येणारी रक्कम मागे पडलेल्या प्रकारात घाला. सुरुवातीची काही वर्षं एवढ्यानंच भागतं. पण पुंजी मोठी झाली की ही युक्ती लंगडी पडते. वर्षाची भर पुंजीच्या पाचव्या हिश्शाएवढी असते तेव्हा तिनं पारडं हलतं. पन्नासाव्या हिश्शाएवढी उरली की हलत नाही. तेव्हा विकावंच लागतं. विक्रीवर कर लागत असेल तर मूळ प्रमाणापर्यंत न जाता हद्दीच्या आत, निम्म्या वाटेपर्यंत आणलं तरी चालेल. करसवलतीचं खातं असेल तर अदलाबदल आधी तिथे करा.

आता सगळ्यात चिवट जागा. विक्री होते, पैसे खात्यात येतात आणि खरेदी राहते. ‘चार दिवस थांबू, अजून खाली येईल’ असं म्हणून माणूस थांबतो आणि प्रमाणाचा बोजवारा उडतो: विकून झालेलं असतं, घेतलेलं नसतं. १९ फेब्रुवारी ते २३ मार्च २०२० या जेमतेम महिनाभरात एस अँड पी ५०० सुमारे ३४ टक्के पडला आणि ऑगस्टमध्ये त्यानं जुना उच्चांक ओलांडलाही. चार दिवस थांबणारे अजून चार दिवस थांबले, आणि मग वरातीमागून घोडं. पैसे जमा व्हायला एक-दोन दिवस लागत असतील तर खरेदीची तारीख विक्रीच्या दिवशीच लिहून टाका. धीर होत नसेल तर खरेदीचे तीन भाग करा, तिन्हींच्या तारखा आजच ठरवा आणि भाव काय आहे ते न बघता त्या पाळा.

उलटा प्रसंग जास्त फसवा आहे, कारण तो दुखत नाही. शेअर दुप्पट झाले, रोखे २० टक्के वाढले, सोनं जागेवर राहिलं तर १२०, ३० आणि १५ होतात. शेअर जवळपास ७३ टक्के. तुम्ही काहीच केलं नाही, तरी ६० टक्क्यांना सोसवेल असं मोजलेलं धाडस ७३ वर जाऊन बसलं. आता बाजार निम्मा झाला तर ३० नाही, ३६ टक्के जातील. या वेळी विकायला सांगणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. काढू द्या.

रिबॅलन्सिंगनं परतावा वाढतो, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं मानून चालू नका. बाजार वर्षानुवर्षं चढत राहिला तर हात न लावणाऱ्याचे पैसे तुमच्यापेक्षा जास्त होतील. तुम्ही धोका ठरलेल्या मापात ठेवत आहात, जास्त कमावत नाही आहात. ज्याला हे पटलेलं नसतं तो तेजीच्या तिसऱ्या वर्षी नियम फाडून टाकतो.

आणि एक सक्त ताकीद. पडलेल्यात पैसे घालायचा हा नियम प्रकारांना लागू आहे, एखाद्या कंपनीला नाही. व्यापक निर्देशांक पडतो आणि आजवर बहुतेक ठिकाणी उशिरा का होईना सावरलेला आहे. एकटी कंपनी शून्यावर जाऊन तिथेच राहू शकते. घसरत्या शेअरमध्ये ‘सरासरी खरेदीभाव खाली आणतोय’ म्हणत पैसे ओतण्याला कुणी रिबॅलन्सिंग म्हणू नये.

सोनं आणि रोखे दर वेळी तत्परतेनं धावून येतील अशीही अपेक्षा नको. २००८ सालात सोनं अखेर थोडं वाढून बंद झालं, पण मार्चमध्ये १,००० डॉलरच्या वर असलेला औंस शरदात सुमारे ७०० पर्यंत उतरला होता; ज्याला रोकड हवी होती तो मिळेल ते विकत होता. अशा आठवड्यात तक्ता उघडू नका. ठरलेली तारीख येऊ द्या.

६. पैसे काढायची वेळ आली की

ज्याचं प्रमाण ठरल्यापेक्षा वाढलंय त्यातून काढा, म्हणजे काढणं आणि रिबॅलन्सिंग एकाच फटक्यात होतं. मूळ प्रमाण बदलायचं ते गरज जवळ आली म्हणून, बाजार घाबरवतोय किंवा खुणावतोय म्हणून नव्हे. बदलही एकदम नको: शेवटची पाच वर्षं उरली की दर वर्षी शेअरचे चार-पाच अंक रोख्यांकडे वळवा आणि तक्त्यातला ‘ठरलेलं प्रमाण’ हा रकाना त्याच दिवशी सुधारून ठेवा.