खाज सुटल्यास काय करावे: आधी कारण, मग औषध

खाज सुटली की बहुतेक घरांत ॲलर्जीची गोळी घेतली जाते किंवा मेडिकलमधून एखादी ट्यूब आणली जाते. हे उपाय कधी लागू पडतात, तर कधी अजिबात नाही. डास चावल्यावर किंवा अंगावर पित्त उठल्यावर त्वचेतील मास्ट पेशी (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या संरक्षक पेशी) हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात आणि बारीक मज्जातंतू तो संदेश मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे नेतात. ॲलर्जीची गोळी हिस्टामिनलाच अडवते. एक्झिमाची (इसबाची) किंवा मूत्रपिंडाच्या विकारातील खाज मात्र प्रामुख्याने इतर रसायनांमुळे होते, त्यामुळे तेथे त्या गोळीने फार तर झोप येते.

म्हणून प्रथम त्वचा उजेडात नीट पाहावी. गांधी उठून चोवीस तासांच्या आत जागा बदलत असतील, तर ते पित्त समजावे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ असेल, रात्री खाज वाढत असेल आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल, तर खरजेचा संशय घ्यावा. जांघेत किंवा कमरेवर कडेने खवल्यांची गोल चकती दिसल्यास तो बहुधा नायटा, म्हणजे बुरशीचा संसर्ग, असतो. पुरळ काहीच नाही, त्वचा कोरडीही नाही आणि तरीही सर्वांगाला खाज असेल, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड आणि साखर यांच्या तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कराव्यात.

कारण कोणतेही असले तरी नखे कापावीत. खाजवल्याने होणारी वेदना खाजेचा संदेश क्षणभर दाबते, म्हणून बरे वाटते. पण त्वचा सोलवटते, दाह वाढतो आणि खाज पुन्हा उसळते. त्याऐवजी गार पाण्याची ओली घडी काही मिनिटे ठेवावी. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात उरकावी आणि अंग टिपल्याबरोबर, ते ओलसर असतानाच, व्हॅसलिन किंवा मॉइश्चरायझर लावावे. कोरड्या त्वचेला अनेकदा एवढेच पुरते.

पित्तासाठी प्रौढांना सहसा सेटिरिझिन या ॲलर्जीच्या औषधाची 10 मिलिग्रॅमची गोळी दिली जाते. ती घेऊन गुंगी आल्यास वाहन चालवू नये. मुले, गर्भवती आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

खरजेचे औषध बहुतेकदा वाया जाते ते लावण्याच्या पद्धतीमुळे. डॉक्टरांनी दिलेले 5 टक्के परमेथ्रिनचे मलम केवळ खाजेच्या जागी नव्हे, तर मानेपासून तळव्यांपर्यंत, बेचक्यांत आणि नखांच्या कडांनाही लावून 8 ते 14 तासांनी धुवावे आणि आठवड्याने पुन्हा लावावे. घरातील सर्वांनी, खाज नसलेल्यांनीही, एकाच दिवशी उपचार घ्यावेत, आणि कपडे व अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत. खरजेचे बारीक किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते. तेवढ्यावरून औषध पुन्हा पुन्हा लावत बसू नये.

नायट्यावर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन यांसारखे स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब मुळीच लावू नये. दोन दिवसांत लाली आणि खाज उतरते, पण बुरशी आतल्या आत पसरते आणि चकतीची कड इतकी पुसट होते की निदान करणेही अवघड जाते. आपल्याकडे चिवट झालेल्या नायट्यामागे अशा ट्यूबचा मोठा हात आहे, असे माझे ठाम मत आहे.

ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला तर तत्काळ रुग्णालय गाठावे. सहा आठवड्यांहून अधिक टिकलेली किंवा कावीळ, ताप, वजनातील घट यांसह येणारी खाज घरी हाताळू नये. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आजवर लावलेल्या सर्व ट्यूब, अर्धवट वापरलेल्यासुद्धा, सोबत न्याव्यात.