भिंत आणि माती यांच्यामधल्या इंटरफेसला किती स्टिफनेस द्यावा?

पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत रिटेनिंग वॉलचं (माती अडवणाऱ्या भिंतीचं) संगणकावर मॉडेल करताना इंटरफेसचा (भिंत-माती सांध्याचा) नॉर्मल स्टिफनेस (सांध्याला लंब दिशेतला ताठरपणा) बरेच जण ‘राहू दे मोठा’ म्हणून 10 चा अकरावा घात पास्कल प्रति मीटर टाकून मोकळे होतात. मग गणित तासन्‌तास अभिसरत नाही (उत्तर स्थिरावत नाही), आणि दोष मेशला (मॉडेलच्या छोट्या घटकांच्या जाळीला) दिला जातो.

साधा हिशेब करा. शेजारच्या घटकाचा K + 4/3 G (K म्हणजे बल्क मॉड्युलस, G म्हणजे शिअर मॉड्युलस) घ्या, इंटरफेसला लंब दिशेतल्या त्याच्या सर्वांत लहान जाडीने भागा, 10 ने गुणा. एका बाजूला काँक्रीट असेल तर आकडा मातीचाच घ्यायचा. इथेच सगळे फसतात. मातीचा E (यंग मॉड्युलस) 20 मेगापास्कल, पॉयसन गुणोत्तर 0.3, घटक 0.25 मीटर धरला, तर उत्तर येतं साधारण 1080 मेगापास्कल प्रति मीटर. एवढं पुरतं. खात्रीसाठी आकडा दहापट करून पुन्हा चालवा. भिंतीची हालचाल बदलली नाही, तर पहिलाच ठेवा.

इंटरफेसचं घर्षण मातीच्या दोन-तृतीयांश करायचं तर घर्षणकोनाच्या tan ला गुणा, कोनाला नको: 30 अंशांचे 21 होतात, 20 नव्हे.

आणि कळकळीने सांगतो, इंटरफेसची ताणशक्ती शून्य ठेवा. मे महिन्यात ही माती भिंतीपासून सुटते, बोट जाईल एवढी फट दिसते. पहिल्या जोरदार पावसात त्या फटीत पाणी उभं राहतं. तो पाण्याचा दाब भिंतीवर वेगळा लावून एक केस चालवाच.