पावसाळी जामाची सड आणि औषधांना न जुमानणारे जंतू

पावसाळ्यात पिकणाऱ्या पेरूला, म्हणजे आपल्या इंदुरी बोलीतल्या जामाला, फळमाशी डंख करते आणि त्या छिद्रातून बुरशी व जिवाणू आत शिरतात. वरून फळ धड दिसते. देठाजवळ अंगठ्याने हलके दाबले की साल आत जाते आणि आंबूस पाणी सुटते. असे एखादे फळ चोइथराम मंडीत जाणाऱ्या क्रेटमध्ये राहिले, तर शेजारची फळेही ओली होऊ लागतात. एवढे नुकसान डोळ्यांना दिसते. बांधावर टाकलेल्या सडक्या ढिगात होणारे दिसत नाही.

त्या ढिगातील फळांवर बुरशीनाशकाचा थोडा अंश उरलेला असतो, आणि तेवढ्या मात्रेत नाजूक बुरशी मरून सोसणारी तेवढी फोफावते. टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही अझोल गटातील बुरशीनाशके आणि फुफ्फुसातील ॲस्परजिलस बुरशीवर डॉक्टर देतात ती अझोल औषधे एकाच रीतीने काम करतात, त्यामुळे शेतात सरावलेली बुरशी दवाखान्यातही दाद देईनाशी होते. दिल्लीच्या संशोधकांना २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठवणुकीतील सफरचंदांवर कँडिडा ऑरिस ही अनेक औषधांना न जुमानणारी बुरशी आढळली. झाडावरून नुकत्याच तोडलेल्या फळांवर ती नव्हती.

जिवाणूंचेही तसेच. स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांच्या (अँटिबायोटिक्सच्या) मिश्रणाचा शेतीतील वापर १ जानेवारी २०२४ पासून बंद करण्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२१ साली काढला होता. जुनी पुडी उरली आहे म्हणून संपवून टाकू, हा काटकसरीचा हिशेब इथे लावू नये.

गळालेली फळे दिवसाआड वेचावीत आणि विहीर व नाल्यापासून दूर, किमान दोन फूट खोल पुरावीत. खतच करायचे असेल, तर शेणाबरोबर रचलेल्या ढिगाचा गाभा १५ दिवस ५५ अंश सेल्सियसवर राहावा आणि त्या काळात ढीग पाच वेळा उलटावा. नुसता कोमट झालेला ढीग खड्ड्यापेक्षा वाईट. सड वेचणाऱ्याने, विशेषतः मधुमेह किंवा दमा असल्यास, हातमोजे व मास्क वापरावेत. एकाच गटाचे बुरशीनाशक पाठोपाठ फवारू नये, शेवटची फवारणी आणि तोडणी यांत लेबलवरील अंतर ठेवावे, आणि रिकामी क्रेट धुऊन उन्हात वाळवावीत.

सडका भाग कापून उरलेले फळ रसवाल्याला देण्याची सवय मात्र पूर्ण सोडावी, कारण मऊकूज लागलेल्या फळात साल्मोनेलासारखे जिवाणू जोमाने वाढू शकतात आणि ताजा रस कोणी उकळत नाही. जेलीसाठी अतिपक्व पण डाग नसलेली फळे तोडणीच्या वेळीच वेगळ्या क्रेटमध्ये काढून ठेवावीत.