जुनी जीडब्ल्यू-बेसिक लिस्टिंग हाती आली तर: आधी फंक्शनं तपासा

सर्व्हेच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलामुलींच्या गळ्यात एक काम हमखास पडतं. कुठल्या तरी कपाटातून नव्वदच्या दशकातली जीडब्ल्यू-बेसिकची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतली, लिस्टिंग (प्रोग्रॅमच्या ओळींची छापील प्रत) निघते, डॉट मॅट्रिक्सवर छापलेली, कडेची भोकांची पट्टीसुद्धा न फाडलेली. साहेब म्हणतात, "हे जरा एक्सेलमध्ये करून दे." नाहीतर पायथनमध्ये. इफ, फॉर, गोटू वाचता येतात म्हणून काम सोपं वाटतं. सोपं नसतं, पण त्यात गोटूचा काही दोष नाही, त्याला उगाच शिव्या बसतात. घोळ असतो तो तयार फंक्शनांत, म्हणजे भाषेने आयत्या दिलेल्या हिशेबांत. नावं ओळखीची दिसतात आणि आपण न थांबता पुढे जातो.

ही फंक्शनं कुठून आली ते थोडक्यात. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी बेसिक तयार केली. पहिले प्रोग्रॅम चालले १ मे १९६४ च्या पहाटे, जीई-२२५ या मशीनवर. तेव्हा फंक्शनं मोजून दहा: साइन, कॉस, टॅन, एटीएन (टॅनचं उलटं), ईएक्सपी (ई चा घात), लॉग, एबीएस (चिन्ह काढलेली किंमत), एसक्यूआर (वर्गमूळ), इंट आणि आरएनडी (यादृच्छिक आकडा). कोन रेडियनमध्ये, लॉग नैसर्गिक (ई या संख्येच्या पायाचा), उलट्या त्रिकोणमितीसाठी फक्त एटीएन. म्हणजे गणितवाल्यांच्या सोयीची यादी, अंश-मिनिटांत जगणाऱ्या आपल्यासारख्यांच्या नव्हे. पुढे मायक्रोसॉफ्टने फिक्स, सीइंट आणि अक्षरमाळांची फंक्शनं घातली, तरी गाभा तोच राहिला. पाय (π) सुद्धा तयार मिळत नाही. लिस्टिंगच्या सुरुवातीला ४ गुणिले एटीएन(१) अशी ओळ दिसली की समजायचं, हा पाय आहे. पुढे १८० ने भागून ठेवलेला गुणकही बहुतेक तिथेच असतो.

आता मुख्य गोष्ट. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण यानेच मला सगळ्यात जास्त छळलं.

इंट म्हणजे "दशांश चिन्हापुढचं कापून टाकणं" असं आम्हाला फळ्यावर शिकवलं होतं. अधिक संख्यांसाठी ते बरोबर आहे. पण जीडब्ल्यू-बेसिकचा इंट कापत नाही, तो खालच्या पूर्णांकावर उतरतो. इंट(१२.५) म्हणजे १२, पण इंट(-१२.५) म्हणजे -१३. कापणारा वेगळा, त्याचं नाव फिक्स. फिक्स(-१२.५) म्हणजे -१२. आणि सीइंट जवळच्या पूर्णांकाला नेतो. तिघांची नावं सगळ्यांना पाठ असतात. कोण कुठे घसरतो ते मात्र कुणी करून बघत नाही.

आमच्या वर्गात अंशांचे अंश-मिनिटं-सेकंद करणाऱ्या तीन ओळी फिरत होत्या. अंश = इंट(कोन). मिनिटं = उरलेल्याला ६० ने गुणून इंट. सेकंद = पुन्हा उरलेलं गुणिले ६०. कोणी लिहिल्या देव जाणे, पण प्रत्येकाच्या फ्लॉपीत त्याच. आता ट्रॅव्हर्सची (एकापुढे एक जोडून मोजलेल्या रेषांच्या साखळीची) कोनीय चूक -०.०१ अंश आली असं धरा, म्हणजे उणे ३६ सेकंद. इंट देतो -१. उरले ०.९९ अंश, त्याची ५९ मिनिटं, मग २४ सेकंद. छापून येतं -१ अंश ५९ मिनिटं २४ सेकंद. छत्तीस सेकंदांची चूक जवळपास दोन अंशांची दिसते! माणूस चांगलं केलेलं फील्डवर्क पुन्हा करायला उन्हात निघतो. फील्डबुकात काहीच चुकलेलं नसतं.

"मग इंटच्या जागी फिक्स टाका" असा सल्ला देणारा कोणी ना कोणी भेटतोच. असल्या एका ओळीच्या उपायांवर माझा विश्वास नाही. फिक्स टाकलात तर -१२.५ चे -१२ अंश -३० मिनिटं होतात आणि -०.५ चे ० अंश -३० मिनिटं. उणे चिन्ह कधी अंशावर, कधी मिनिटांवर, कधी दोन्हीकडे. तक्त्यात ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण सगळ्यांची नजर पहिल्या रकान्यावर असते.

आणि चिन्ह सोडा, साध्या अधिक कोनालाही हा सापळा आहे. १२.२ अंश घ्या. हातानं केलं तर १२ अंश १२ मिनिटं ० सेकंद. सिंगल प्रिसिजनमध्ये, म्हणजे सुमारे सात अंकांपुरत्या अचूकतेत, १२.२ नेमका मावतच नाही, आत १२.१९९९९९८ च्या आसपासचा आकडा बसतो. १२ वजा करून ६० ने गुणलं की ११.९९९९९ येतं, त्याचा इंट ११. सेकंद निघतात ५९.९९९३१, छापताना पूर्णांकात आणले की ६०. उत्तर: १२ अंश ११ मिनिटं ६० सेकंद. एकूण बेरीज बरोबर असल्यामुळे हे वर्षानुवर्षं खपून जातं. मग कोणीतरी तोच तक्ता पुढच्या प्रोग्रॅमला देतं, आणि तिथे सेकंदांचे दोनच अंक वाचून ५९ पेक्षा मोठा आकडा नाकारला जातो.

खरी दुरुस्ती अशी. चिन्ह एसजीएनने काढून बाजूला ठेवा. एबीएसने कोन अधिक करा, त्याला ३६०० ने गुणा, ०.५ मिळवा आणि मग एकदाच इंट घ्या. हाती आले पूर्ण सेकंद. यापुढे फक्त पूर्णांकांची वाटणी करायची. चिन्ह छापताना सगळ्यांच्या पुढे एकदाच. उत्तर १२,९६,००० सेकंद आलं तर ते शून्य करा, नाहीतर ३५९.९९९९९ चे ३६० अंश ० मिनिटं छापले जातील.

इथेही हुशारी करू नका. वाटणी म्हटल्यावर भागाकाराची बाकी देणारा मॉड आठवतो. जीडब्ल्यू-बेसिकचा मॉड आणि सीइंट -३२७६८ ते ३२७६७ एवढ्यातच चालतात. १२.२ अंशांचेच सेकंद ४३,९२० होतात, म्हणजे दहा अंशांच्या आतच "ओव्हरफ्लो" येऊन प्रोग्रॅम थांबतो. म्हणून जुन्या लिस्टिंगमध्ये सेकंद वजा ६० गुणिले इंट(सेकंद भागिले ६०) असली लांबलचक ओळ दिसली तर लिहिणाऱ्याला नावं ठेवू नका. त्या माणसाला हे माहीत होतं.

भाषांतर करताना हा सापळा पुन्हा उघडतो. एक्सेलचा इंट बेसिकसारखाच खाली उतरतो. पायथनचा इंट शून्याकडे कापतो, म्हणजे तो खरं तर फिक्स आहे. नाव तेच ठेवून लिस्टिंग पायथनमध्ये उतरवलीत की अधिक कोनांची सगळी उत्तरं जुळतात. तुम्ही खूश, साहेब खूश. उणे कोन येईपर्यंत. पायथनमध्ये तिथे फ्लोअर लागतो. लॉगचं उलटं: बेसिकचा लॉग नैसर्गिक, एक्सेलच्या खान्यातला लॉग दहाच्या पायाचा, आणि त्याच एक्सेलच्या मॅक्रोतला लॉग पुन्हा नैसर्गिक. यात तर्क शोधू नका, सरळ लिहून ठेवा.

एवढं वाचून घाबरला असाल तर थांबा. एका लिस्टिंगमध्ये अशी फंक्शनं फार तर सात-आठ असतात. पीसी-बेसिक नावाचा फुकट एम्युलेटर (जीडब्ल्यू-बेसिक आजच्या मशीनवर चालवणारा प्रोग्रॅम) मिळतो, तो टाका आणि प्रत्येक फंक्शनला एक अधिक, एक उणे, एक शून्य आणि एक काठावरचा आकडा देऊन काय येतं ते वहीत उतरवा. चहा थंड व्हायच्या आत होणारं काम आहे. मायक्रोसॉफ्टने २०२० साली जीडब्ल्यू-बेसिकचा मूळ सोर्सही खुला केला. तो ८०८८ च्या असेंब्लीत आहे. हौस असेल तर बघा, कामासाठी गरज नाही.

एटीएनबद्दल मात्र पुन्हा धमकीच. बेअरिंग (रेषेची दिशा) काढताना डिपार्चर (रेषेचं पूर्व-पश्चिम अंतर) भागिले लॅटिट्यूड (उत्तर-दक्षिण अंतर) करून एटीएन घेतात. भागाकार झाला की दोघांची चिन्हं एकमेकांत विरघळतात. दोन्ही -१०० असोत की +१००, भागाकार १ आणि उत्तर ४५ अंश. खरं बेअरिंग पहिल्या वेळी २२५ असतं. लॅटिट्यूड उणे असेल तर १८० मिळवा; तसं नसून डिपार्चर उणे असेल तर ३६० मिळवा. लॅटिट्यूड शून्य असताना गंमत होते. जीडब्ल्यू-बेसिक शून्याने भागल्याचा निरोप पडद्यावर टाकतो आणि थांबत नाही, भागाकारातल्या वरच्या आकड्याच्या, म्हणजे डिपार्चरच्या, चिन्हाप्रमाणे आपला सर्वात मोठा आकडा धरून पुढे जातो. त्याचा एटीएन येतो ९० अंश, म्हणजे उत्तर चक्क बरोबर! त्यामुळे लिस्टिंगमध्ये शून्याची तपासणी नसली तरी तक्ता नीट यायचा. तीच ओळ पायथनमध्ये गेली की प्रोग्रॅम कोसळतो. तिथे भागाकार न करता दोन्ही आकडे वेगवेगळे घेणारा एटीएन-टू वापरा, पण क्रम सांभाळा: पायथनमध्ये वाय आधी, एक्सेलमध्ये एक्स आधी. आपलं बेअरिंग उत्तरेपासून मोजलं जातं, म्हणून एक्सच्या जागी लॅटिट्यूड आणि वायच्या जागी डिपार्चर.

जुनी आणि नवी उत्तरं शेवटच्या अंकांत जुळत नसतील तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. व्हेरिएबलला दुहेरी प्रिसिजनचं चिन्ह लावलेलं असलं तरी साइन, कॉस, एटीएन ही मंडळी सिंगलमध्येच हिशेब करतात. जीडब्ल्यू-बेसिक सुरू करताना स्लॅश-डी दिलं असेल तरच ती दुहेरीत जातात. म्हणजे उत्तर प्रोग्रॅमवर नाही, तो कोणी कसा सुरू केला यावर ठरायचं. फ्लॉपीवर बॅच फाइल सापडली तर आधी ती उघडून बघा.

बाकी किरकोळ. संख्येची अक्षरमाळ करणारं एस-टी-आर-डॉलर अधिक संख्येपुढे एक मोकळी जागा सोडतं, त्यामुळे फाइलींच्या नावांत विचित्र फटी दिसतील. अक्षरमाळेची संख्या करणाऱ्या व्हॅलला "१२-३०-१५" दिलं तर तो निमूट १२ देतो, चूक सांगत नाही. आरएनडी रँडमाइझशिवाय दर वेळी तीच मालिका देतो. सर्व्हेत त्याचं काम नाही, पण सरावाचे आकडे बनवायला कोणी वापरला असेल तर तो बिघाड समजू नका.

आणि एक. लिस्टिंगमध्ये डेफ-प्रोक दिसलं तर ती बहुधा जीडब्ल्यू-बेसिक नाही, बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकाची आहे. १९८४ च्या 'क्लास' प्रकल्पातून ही मशीनं आपल्याकडच्या शाळांत आली होती, त्यामुळे शाळेत त्यावर शिकून आलेल्या एखाद्याचा कागद तुमच्या गठ्ठ्यात असू शकतो. तिथे लॉग दहाच्या पायाचा आणि नैसर्गिकसाठी वेगळा एलएन. पाय (π) आणि अंश-रेडियन अदलाबदल करणारे रॅड आणि डेग आयते मिळतात, तेव्हा १८० ने भागलेला गुणक त्यात शोधत बसू नका.