साहित्य-सिद्धान्त शिकायचाय? मग आधी एक चोरीला गेलेलं पत्र वाचा

एम. ए.ला साहित्य-सिद्धान्ताचा पेपर मी शिकवते. वर्ष सुरू झालं की मुलांच्या हातात तेच गाईड दिसतं. रूपवाद, नवसमीक्षा, संरचनावाद, विरचना, स्त्रीवाद, उत्तर-वसाहतवाद. प्रत्येकाखाली दोन नावं, एक साल आणि चार मुद्दे. सेटच्या, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षेत जोड्या लावायला तेवढं पुरतंही. पण त्याच मुलापुढे एक कथा ठेवून ‘आता बोल’ म्हटलं की तो माझ्याकडे बघत राहतो.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी उलट्या बाजूनं सुरुवात करायला लावते. गाईड मिटवा. अशी एक कथा घ्या, जिच्यावरून सिद्धान्तवाले एकमेकांशी खरोखर भांडलेत. ते भांडण ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं वाचा, आणि दर वेळी एकच प्रश्न विचारा: या वाचकानं काय पाहिलंच नाही?

यासाठी माझी ठरलेली कथा म्हणजे अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोची ‘द पर्लॉइन्ड लेटर’, म्हणजे चोरलेलं पत्र. १८४४ साली छापली गेलेली, तासाभरात वाचून होते, आणि प्रोजेक्ट गटेनबर्गवर पोच्या साहित्याच्या दुसऱ्या खंडात फुकट मिळते. राजघराण्यातल्या एका बाईसमोरून, तिच्या डोळ्यांदेखत, एक मंत्री तिचं गुप्त पत्र उचलतो. ती ओरडू शकत नाही, कारण ज्याला ते कळता कामा नये तो शेजारीच उभा असतो. पॅरिसचे पोलीस मंत्र्याचं घर उसवून काढतात, गाद्यांत सुया खुपसतात, टेबलांचे सांधे भिंगाखाली तपासतात, आणि हात हलवत परत येतात. दुपँ नावाच्या हौशी शोधकाला मात्र ते पत्र सापडतं. ते शेकोटीवरच्या फळीखाली लटकवलेल्या कार्डांच्या खणात, सगळ्यांना दिसेल असं ठेवलेलं असतं, फक्त उलटं करून आणि मळवून.

पहिलं वाचन सिद्धान्ताशिवाय करा. मग वहीच्या एका पानावर घटना जशा घडल्या तशा लिहा आणि समोरच्या पानावर पोनं त्या ज्या क्रमानं सांगितल्या तशा. दोन्ही पानं जुळणार नाहीत. चोरी आपल्याला पोलीसप्रमुखाच्या तोंडून कळते. पत्र सापडल्याचं कळतं ते पन्नास हजार फ्रँकचा चेक हातात पडल्यावर, आणि ते कसं सापडलं हे तर त्याहून नंतर. या दोन पानांमधलं अंतर हाच रशियन रूपवाद्यांचा, म्हणजे कृती काय सांगते यापेक्षा ती कशी रचलीय हे पाहणाऱ्यांचा विषय. त्यांच्यातल्या व्हिक्टर श्क्लोव्हस्कीनं शेरलॉक होम्सच्या कथा अशाच सुट्या करून पाहिल्या होत्या. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारातली संवाद-विरोध-समतोल ही रचनेची तत्त्वं ज्यांनी वाचलीत त्यांना या पायरीवर परकं वाटायचं कारण नाही.

पुढची पायरी लेखकाची. पो तीन वर्षांचा व्हायच्या आतच, १८११ साली, त्याची आई गेली. एवढं कळलं की कथेतल्या प्रत्येक बाईत ती दिसायला लागते. फ्रॉइडची शिष्या मारी बोनापार्त हिनं १९३३ साली पोवर मोठा ग्रंथ लिहिला तो याच वाटेनं, आणि त्याला प्रस्तावना खुद्द फ्रॉइडची आहे. या वाटेला विरोध करणारी, लेखक बाजूला ठेवून फक्त कृती वाचा म्हणणारी नवसमीक्षा अमेरिकेतली. तिच्यातल्या विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली बजावलं की लेखकाचा हेतू ही कृती जोखायची कसोटी नव्हे. इथं फार रेंगाळू नका. एक परिच्छेद बोनापार्तसारखा लिहा, एक विमसॅटसारखा, आणि पुढे चला. खरी मजा पुढे आहे.

१९५५ साली पॅरिसच्या आपल्या परिसंवादात जाक लकाँ या फ्रेंच मनोविश्लेषकानं ही कथा घेतली. पुढे १९६६च्या जाडजूड ग्रंथात त्यानं कालक्रम मोडून हा लेख सर्वांत आधी ठेवला. त्याला पोच्या आईशी काही देणंघेणं नाही, आणि पत्रात काय लिहिलंय याच्याशीही नाही. पत्रातला मजकूर पोनं कुठंच सांगितलेला नाही, हे पहिल्या वाचनात तुमच्या लक्षात आलं होतं का? बहुतेकांच्या येत नाही.

आता कागदावर दोन त्रिकोण काढा. पहिला राजवाड्यातला. एका कोपऱ्यात राजा, ज्याला काहीच दिसत नाही. दुसऱ्यात राणी (समीक्षक तिला राणीच म्हणतात), जिला राजाचं आंधळेपण दिसतं आणि म्हणून आपलं गुपित सुरक्षित आहे असं वाटतं. तिसऱ्यात मंत्री, ज्याला हे दोन्ही दिसतं आणि जो पत्र उचलतो. दुसरा त्रिकोण मंत्र्याच्या घरातला. आता काहीच न दिसणारे पोलीस, सुरक्षित आहोत असं वाटणारा मंत्री, आणि उचलणारा दुपँ. माणसं बदलली, जागा त्याच राहिल्या. पत्र हातात येताच मंत्री राणीच्या जागेवर सरकला, आणि तिच्यासारखाच गाफील झाला. माणूस पत्र बाळगत नाही, पत्रच माणसाला त्याची जागा नेमून देतं, हा लकाँचा मुद्दा. लेखाच्या शेवटी तो म्हणतो की पत्र नेहमी मुक्कामी पोचतंच. संरचनावादी वाचन म्हणजे काय हे या दोन त्रिकोणांतून जेवढं कळतं तेवढं व्याख्येतून कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. लकाँची भाषा मात्र मुद्दाम गुंतवलेली आहे. लेखाला जोडलेला अधिक-उणे चिन्हांच्या साखळ्यांचा भाग पहिल्या खेपेला खुशाल सोडून द्या.

मग १९७५ साली विरचनेचा प्रणेता, फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा यानं विचारलं: तुमच्या त्रिकोणात निवेदक कुठाय? कथा सांगणारा ‘मी’ दुपँबरोबर अंधाऱ्या खोलीत पाइप ओढत बसलेला असतो. लकाँनं त्याला खिडकीची काच समजून त्याच्या आरपार पाहिलं. तो धरला तर तीनाचे चार होतात आणि सुबक आकृती बिघडते. शिवाय दुपँच्या याआधी दोन कथा आहेत, तेव्हा ही कथा सुटी उचलून तिच्याभोवती चौकट कुणी घातली? आणि पत्र मुक्कामी पोचतंच कशावरून? ते न पोचण्याची शक्यता सदैव असते. विरचना म्हणजे ‘अर्थच नसतो’ असं उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्यांनी हे वाचावं. देरिदा कुठंही अर्थ नाकारत बसत नाही. एका नेटक्या वाचनाला नेटकं राहण्यासाठी काय कापावं लागलं, तेवढं तो दाखवतो.

दोनच वर्षांनी बार्बरा जॉन्सन या अमेरिकन समीक्षिकेनं देरिदालाच पकडलं. लकाँनं पोला चौकटीत बसवलं असं म्हणता म्हणता तुम्ही लकाँला तेच केलंत, असं तिचं म्हणणं. म्हणजे समीक्षकही त्या त्रिकोणात शिरले. दुसऱ्याचं आंधळेपण दाखवणारा प्रत्येक जण आपण तिसऱ्या कोपऱ्यात आहोत अशा समजुतीत असतो. हे तिन्ही लेख १९८८च्या ‘द पर्लॉइन्ड पो’ या संग्रहात एकत्र मिळतात. त्यातला जॉन्सनचा सर्वांत स्वच्छ लिहिलेला, म्हणून अडलात तर आधी तो वाचा आणि मग मागे या.

इथपर्यंत आलात की उसनं वाचन थांबवा आणि कथा पुन्हा हातात घ्या. या वेळी या नामांकित मंडळींनी ओलांडून पुढे गेलेली वाक्यं शोधा. माझ्या वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी बाईपासून सुरू करतं. सगळा खटाटोप तिच्यासाठी, पण कथेत ती समोर येऊन एक वाक्य बोलत नाही. तिचं पत्र, तिचा धोका, तिचे पैसे, आणि बोलणारे सगळे पुरुष. स्त्रीवादी वाचन इथून सहज सुरू होतं.

मला स्वतःला मात्र पोलीसप्रमुखाचं एक वाक्य सोडवत नाही. मंत्र्याच्या घरात रात्री शिरणं सोपं कसं गेलं, हे तो सांगतो: नोकर मोजकेच, मालकाच्या दालनापासून लांब झोपणारे, आणि बहुतेक नेपल्सचे असल्यामुळे त्यांना दारू पाजून लोळवणं सोपं. बस्स, नोकरांची कथेतली हजेरी संपली. असाच आणखी एक जण आहे. मंत्र्याचं लक्ष उडावं म्हणून दुपँ पैसे देऊन एका माणसाला रस्त्यात बंदूक उडवायला लावतो. लोक त्याला वेडा किंवा दारुडा समजून सोडून देतात. त्या माणसालाही नाव नाही. दलित साहित्याची समीक्षा वाचलेल्या मराठी विद्यार्थ्याला हे दोघे लकाँच्या आधी दिसायला हवेत, आणि दिसतातही. गेल्या वर्षी एका मुलीनं दोनऐवजी तीन त्रिकोण काढून आणले. तिसऱ्यात नोकर, बंदूकवाला आणि झडती घेणारे शिपाई होते. पत्र त्यांच्यापैकी कुणाच्याच हाती येत नाही, मग हा त्रिकोण लकाँच्या हिशेबात बसतो का, यावर वर्गात तास संपला तरी वाद चालू होता.

तुमच्या वहीतही त्या तिसऱ्या त्रिकोणासाठी एक पान कोरं ठेवा. ते भरलं की गाईड उघडायला हरकत नाही. जोड्या लावायच्याच आहेत.